पहिलं बिल्ड पास, दुसरं नापास: पॅकेज बांधताना मागे राहणारं खरकटं

लक्षण असं. सोर्स ताजा उतरवला, बिल्ड लावलं, पॅकेज तयार झालं. मग चेंजलॉगमधली एक वेलांटी चुकलेली दिसली, ती नीट केली आणि परत बिल्ड लावलं. आता कंपायलर जागा व्हायच्या आधीच डीपीकेजी-सोर्स, म्हणजे सोर्सचा गठ्ठा बांधणारी कमांड, अडून बसतो: ‘अबॉर्टिंग ड्यू टू अनएक्स्पेक्टेड अपस्ट्रीम चेंजेस’. कोडला कुणी हात लावलेला नाही, बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटचा स्टेटस स्वच्छ आहे, तरी त्याचं म्हणणं एकच, मूळ सोर्स बदललाय. फोल्डर उडवून नव्यानं क्लोन केलं की बिल्ड मुकाट्यानं होतं. दुसऱ्यांदा लावलं की परत तेच.

कमांडची आणि फाइलींची नावं मी इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर ती अर्थातच रोमनमध्ये टाकायची. आणि सगळं डेबियन या लिनक्सच्या पॅकेजांबद्दल आहे. उबुंटूवरही जवळपास हेच लागू पडतं.

आमचं ऑफिस नाशिकला कॅनडा कॉर्नरजवळ. दोन खोल्या, आणि कोपऱ्यात एक बिल्ड मशीन. दिंडोरी आणि निफाड तालुक्यांतल्या काही द्राक्ष पॅकहाउसमध्ये वजनकाट्याला आणि लेबल प्रिंटरला जोडलेले संगणक डेबियनवर चालतात, त्यांची पॅकेजं आम्ही बांधतो. जानेवारी ते एप्रिल हंगाम. त्या दिवसांत आठवड्याला एक आवृत्ती ठरलेली, कधी एका दिवसात दोन. आमच्या ज्युनिअरनं पहिल्याच आठवड्यात वरचा उपाय शोधून काढला होता. “सर, फोल्डर उडवून परत क्लोन केलं की होतंय.” होत होतंच. मीही मान डोलावली आणि दोन हंगाम आमचं असंच चाललं.

मग फेब्रुवारीत एका संध्याकाळी पॅकहाउसमधून फोन. “भाऊ, यादीत साडेचार किलोचं लेबल परत दिसायला लागलंय. इथल्या पोरीनं तेच मारलंय दोन पॅलेटवर.”

साडेचार किलोच्या पेटीचा साचा आम्ही तीन आठवड्यांपूर्वी काढून टाकला होता. त्या ग्राहकाच्या सगळ्या पेट्या पाच किलोच्या झाल्या होत्या. गिटमध्ये शोधलं तर फाइल नाही. ज्युनिअरच्या मशीनवर नाही. मग पाठवलेलं डेब, म्हणजे तयार पॅकेजची फाइल, उघडून पाहिलं, ‘डीपीकेजी -सी’ लावून. आत काय काय भरलंय याची तारखांसकट यादी येते. त्यात तो साचा ठाण मांडून बसला होता, जानेवारीची तारीख मिरवत. तिकडे बायका रात्री दहापर्यंत जुन्या लेबलावर नवी लेबलं चिकटवत होत्या.

झालं होतं ते असं. आमचं पॅकेज पायथनचं. पायथनचं बांधणीचं साधन सेटअपटूल्स, व्हील (पायथनचं तयार पॅकेज) बांधताना किंवा इन्स्टॉल करताना आधी सगळ्या फाइली बिल्ड/लिब या फोल्डरमध्ये कॉपी करतं आणि तिथून पुढे नेतं. कॉपी करताना नवीन काय आलंय ते बघतं. जुन्यातलं काय गेलंय ते बघत नाही. सोर्समधून फाइल काढली तरी बिल्ड/लिबमधली तिची प्रत तशीच राहते आणि दर आवृत्तीत पॅकेजमध्ये चढते. त्या दिवशी घाईत मी फोल्डर न उडवता जुन्यातच बिल्ड केलं होतं. आणि ते अडलं का नाही? कारण हे पॅकेज आमचं स्वतःचं, ‘नेटिव्ह’ फॉरमॅटचं. त्यात मूळ टारबॉल, म्हणजे मूळ लेखकाचा सोर्सचा गठ्ठा, वेगळा नसतोच, म्हणजे डीपीकेजी-सोर्सला ताडून बघायला काही नाही. फोल्डरमध्ये जे असेल ते तो गठ्ठ्यात बांधतो. ‘.ओ’, ‘.एसओ’ असली काही ठरावीक नावं वगळतो, बाकी सगळं आत.

म्हणून मी म्हणतो, एरर देऊन अडणारं पॅकेज बरं. त्यानं निदान सांगितलं तरी.

आणि गुन्हेगार कोण, तर पॅकेज कसं बांधायचं ते सांगणाऱ्या डेबियन/रूल्स फाइलमधली माझीच एक ओळ. ‘ओव्हरराइड_डीएच_ऑटो_क्लीन:’ आणि खाली काहीच नाही. रिकामा ओव्हरराइड, म्हणजे साफसफाईची नेहमीची पायरी काहीच न करता सोडायची. दर वेळी सगळं पुसून पहिल्यापासून बांधायला वेळ लागतो म्हणून कधीतरी हंगामाच्या घाईत टाकलेला. नंतर काढायचा राहिला. तुमच्या पॅकेजात हा त्रास असेल तर पहिल्यांदा हीच ओळ शोधा. बऱ्याच वेळा तिथेच थांबता येतं.

नेम नेमका कुठे चुकतो

डीपीकेजी-बिल्डपॅकेज चालवलं की क्रम ठरलेला असतो. आधी पॅच (मूळ सोर्सवरचे आपले बदल) लावणं, मग ‘डेबियन/रूल्स क्लीन’, मग सोर्स पॅकेज बांधणं, त्यानंतर खरं बिल्ड. म्हणजे साफसफाई आधी होते, शेवटी नाही. शेवटी हवी असेल तर ‘-टीसी’ द्यावं लागतं. पहिल्या बिल्डला सोर्स मुळातच स्वच्छ असतो, त्यामुळे क्लीन कितीही भिकार लिहिलेलं असलं तरी ते उघडं पडत नाही. दुसऱ्या बिल्डला आधीच्याचं खरकटं ताटात असतं. क्लीननं ते उचललं नाही तर पुढच्या पायरीवर डीपीकेजी-सोर्स सध्याचा सोर्स मूळ टारबॉल अधिक पॅच यांच्याशी ताडून बघतो आणि फरक दिसला की थांबतो.

डेबियनच्या धोरणात याची अपेक्षा स्पष्ट लिहिलेली आहे: बिल्ड आणि बायनरी या टार्गेटांनी जे जे केलं ते क्लीननं उलटवलं पाहिजे. अपवाद फक्त वरच्या फोल्डरमध्ये तयार झालेल्या पॅकेज फाइलींचा. नियम जुना, पण पाळणारे किती? ऑगस्ट २०२३ मध्ये डेबियनच्या सगळ्या पॅकेजांवर बिल्डनंतर परत सोर्स बांधता येतो का हे तपासलं गेलं आणि जी पडली त्यांच्यावर ढिगानं बग नोंदवले गेले. तेव्हा आपलं पॅकेज यात सापडलं तर लाजायचं कारण नाही.

शोधायचं कसं

पहिली गोष्ट, गिटवर विसंबू नका. गिट स्टेटस स्वच्छ दिसतो कारण बिल्ड, एग-इन्फो, पायकॅश ही नावं आपणच गिटइग्नोरमध्ये लिहून ठेवलेली असतात. डीपीकेजी-सोर्स गिटइग्नोर वाचत नाही. गिटला जे झाकलेलं आहे तेच त्याच्या डोळ्यावर येतं. ‘गिट स्टेटस --इग्नोर्ड’ करून बघा, अर्धी यादी तिथेच मिळेल.

दुसरी गोष्ट, एरर पूर्ण वाचा. ‘अबॉर्टिंग’च्या त्या ओळीच्या शेवटी टीएमपीमधल्या एका डिफ फाइलचं नाव असतं. आमच्याकडे ती उघडून बघायचे कष्ट दोन हंगाम कुणी घेतले नव्हते, मी धरून. त्यात कुठली फाइल कशी बदलली हे ओळीनिशी लिहिलेलं असतं.

एवढ्यानं भागलं नाही तर दोन याद्या करायच्या. सोर्सची ताजी प्रत घ्या. फाइंडनं सगळ्या फाइली काढून त्यांवर शा२५६सम (फाइलीच्या मजकुराचा ठसा काढणारी कमांड) चालवा, निकाल क्रमानं लावून एका फाइलीत ठेवा. ही फाइल सोर्सच्या बाहेर ठेवा. मी आतच ठेवली होती आणि पहिली उपरी फाइल म्हणून तीच सापडली. मग बिल्ड करा, फेकरूटखाली ‘डेबियन/रूल्स क्लीन’ चालवा, आणि तीच यादी परत काढा. दोन्हींचा डिफ घ्या. पॅच असलेलं पॅकेज असेल तर दोन्ही याद्या पॅचच्या एकाच अवस्थेत काढलेल्या हव्यात, नाहीतर पॅचमुळे बदललेल्या फाइली आणि पॅचची नोंद ठेवणारं ‘.पीसी’ फोल्डर मध्येच लुडबुड करतात.

आमच्या लेबल छापणाऱ्या पॅकेजची पहिली डिफ निघाली तेव्हा ज्युनिअर म्हणाला, “सर, हे तर दिवाळीच्या आधीचा माळा काढल्यासारखं झालं.” पायकॅश फोल्डर, पायटेस्टची कॅश, दस्तऐवजांचं स्फिंक्सनं केलेलं बिल्ड, एका चाचणीनं काढून ठेवलेली बारकोडची चित्रं. आणि चाचण्यांच्या डेटाबेसचं एक जर्नल, जे कुठून आलं ते कळायला दुपार गेली.

सापडलं, आता काय करायचं

इथे फाइल कुठल्या जातीची आहे हे आधी ठरवायचं, मगच तिला हात लावायचा.

बिल्डनं नव्यानं जन्माला घातलेली फाइल असेल तर काम सोपं. डेबियन फोल्डरमध्ये ‘क्लीन’ नावाची साधी मजकूर फाइल करा आणि एका ओळीत एक नाव लिहा. डीएच_क्लीन ती वाचून तेवढं उडवतं. पूर्ण फोल्डर उडवायचं असेल तर नावाच्या शेवटी तिरकी रेघ द्या: ‘बिल्ड/’, ‘*.एग-इन्फो/’. रेघ विसरलात तर फोल्डर जागचं हलणार नाही. रूल्समध्ये आरएम -आरएफच्या माळा लावण्यापेक्षा हे कितीतरी वाचनीय, आणि नवीन माणसालाही एका नजरेत कळतं.

मूळ टारबॉलबरोबर आलेली, पण बिल्डमध्ये बदलणारी फाइल असेल तर लोक घाबरतात. मूळ लेखकानं दिलेली फाइल कशी उडवायची? उडवा. मूळ टारबॉल आणि पॅच वेगळे ठेवणाऱ्या ‘३.० क्विल्ट’ फॉरमॅटमध्ये डीपीकेजी-सोर्स बदललेल्या फाइलीला हरकत घेतो, गायब झालेल्या फाइलीला घेत नाही. ‘इग्नोरिंग डिलीशन ऑफ फाइल’ एवढी सूचना देतो आणि पुढे जातो. ही एक गोष्ट कळल्यावर आमची निम्मी पॅकेजं एका दिवसात सुधारली. पायथनच्या टारबॉलमध्ये आलेला एग-इन्फो हे नेहमीचं उदाहरण. बिल्ड होताना त्यातली सोर्सेसची यादी नव्यानं लिहिली जाते, दुसऱ्या वेळी ती जुळत नाही. क्लीनमध्ये टाकून मोकळं व्हायचं, बिल्ड ती परत बनवतंच. त्या यादीचा आणखी एक उपद्रव आहे. मॅनिफेस्टमधून (गठ्ठ्यात काय घ्यायचं ते सांगणाऱ्या फाइलीतून) एखादी फाइल वगळली तरी जुनी यादी पडून असेल तर सेटअपटूल्स तिच्यातून ते नाव उचलतं आणि सोर्सच्या गठ्ठ्यात ती फाइल येतच राहते.

अट एकच. ती फाइल बिल्डनं खरोखर नव्यानं बनवली पाहिजे. इथे आमचा पाय घसरला तो प्रसंग सांगतो.

लेबल छापण्याचं एक दुसऱ्यांनी लिहिलेलं साधन आम्ही वापरतो, त्यात मराठी भाषांतर आम्ही घातलंय. पीओ फोल्डरमध्ये ‘एमआर.पीओ’ आणि त्यावरून बनलेली ‘एमआर.जीएमओ’, दोन्ही टारबॉलमध्येच येतात. दुसऱ्या बिल्डला एरर यायची: ‘कॅनॉट रिप्रेझेंट चेंज टू पीओ/एमआर.जीएमओ: बायनरी फाइल कंटेंट्स चेंज्ड’. जीएमओ ही संकलित फाइल, तिचा फरक मजकुराच्या पॅचमध्ये लिहिता येत नाही, म्हणून ही वेगळी एरर. त्याच वेळी एमआर.पीओ पण बदललेली दिसायची. आत पाहिलं तर भाषांतराचा एक शब्दही हललेला नव्हता. वर ‘पॉट-क्रिएशन-डेट’ची ओळ बदललेली आणि खाली सोर्समधल्या ओळींचे आकडे पुढेमागे झालेले. मेकनं, म्हणजे बिल्डच्या पायऱ्या चालवणाऱ्या प्रोग्रॅमनं, बिल्ड करता करता मूळ साचा नव्यानं काढून सगळ्या भाषांतरांत मिसळला होता.

ज्युनिअरनं हौसेनं दोन्ही नावं क्लीनमध्ये टाकली. पुढचं बिल्ड पहिल्याच फटक्यात पडलं: ‘नो रूल टू मेक टार्गेट’, आणि समोर एमआर.पीओ. कारण क्लीन पहिल्या बिल्डच्याही आधी चालतं! जीएमओ ही पीओवरून बनते, ती परत बनेल. पीओ माणसानं लिहिलेली असते, ती कशावरून बनणार? गिटमध्ये होती म्हणून मिळाली. मग जीएमओ तेवढी क्लीनमध्ये ठेवली, आणि पीओ फोल्डरमधल्या मेकव्हार्समध्ये ‘पीओ_डिपेंड्स_ऑन_पॉट = नो’ असं करणारा छोटा पॅच लावला. आता बिल्ड पीओला शिवतच नाही.

असा मार्ग नसेल, फाइल बदलतेच आणि नव्यानं बनतही नाही, तर बिल्डच्या आधी तिची प्रत बाजूला ठेवून क्लीनमध्ये ती परत जागेवर आणायची. चालतं. पण दिसायला ओंगळ आहे, आणि बिल्ड मध्येच तुटलं तर प्रत आणि मूळ यांची अदलाबदल होण्याचा धोका राहतो. मी शेवटचा उपाय म्हणून वापरतो.

ऑटोटूल्स या बिल्डच्या साधनांवर चालणाऱ्या पॅकेजांत कॉन्फिगर आणि मेकफाइल.इन यांचा ढीग बदललेला दिसेल. डेबहेल्पर म्हणजे या ‘डीएच_’ कमांडचा संच, आणि कॉम्पॅट म्हणजे त्याच्या वागणुकीची पातळी. कॉम्पॅट १० पासून डीएच_ऑटोरीकॉन्फ आपोआप चालतं. ते आधीची नोंद ठेवतं आणि क्लीनच्या वेळी आपला पसारा आवरतं. मग तरी ढीग का दिसतो? कारण कुणीतरी रूल्समध्ये ऑटोजेन.एसएच थेट बोलावलेलं असतं, आणि ते केव्हा काय करून गेलं याची डेबहेल्परला खबर नसते. ‘डीएच_ऑटोरीकॉन्फ ./ऑटोजेन.एसएच’ असं त्याच्यामार्फत बोलवा, नोंद राहील.

सीमेक या दुसऱ्या बिल्ड साधनात गोम वेगळी. कुणी कधीतरी सोर्सच्या आतच सीमेक चालवून बघितलेलं असतं आणि सीमेककॅश फाइल तिथे पडून राहते. त्या फाइलीत फोल्डरचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो. सोर्स दुसरीकडे हलवला की सीमेक भांडायला उठतं. उडवा, आणि बिल्डसाठी वेगळं फोल्डर ठेवा.

हे उपाय मी टाळतो

एरर स्वतःच सुचवते: ‘डीपीकेजी-सोर्स --कमिट’ चालवा. खरा बदल तुम्ही केला असेल तर ते योग्य. पण खरकट्यावर हे चालवलं की खरकट्याचा पॅच होतो आणि पॅकेजबरोबर कायमचा फिरतो. मला एका जुन्या पॅकेजात असा पॅच सापडला होता. साडेतीन हजार ओळी, सगळ्या कॉन्फिगरच्या. वर वर्णन म्हणून आपोआप येणारा मजकूर तसाच.

‘एक्स्टेंड-डिफ-इग्नोर’बद्दल मतभेद आहेत. डेबियन/सोर्स/ऑप्शन्समध्ये तो लिहिला की ठरावीक फाइलींकडे डीपीकेजी-सोर्स काणाडोळा करतो. पुष्कळ चांगली पॅकेजं वापरतात. माझी तक्रार एवढीच की कचरा तिथेच राहतो, फक्त बघणं बंद होतं. आमचा साडेचार किलोचा साचा असाच तर राहिला होता.

‘गिट क्लीन -एफडीएक्स’ हा ज्युनिअरचा आवडता. झटपट आहे, कबूल. पण तो गिटमध्ये नसलेलं सगळं नेतो. प्रिंटरच्या आयपीची स्थानिक फाइल, चाचणीसाठी ठेवलेली किल्ली, कशाची विचारपूस नाही. एकदा त्याचीच तीन दिवसांची नोटबुक गेली. आधी ‘-एन’ लावून काय जाणार ते बघा, वाचवायचं ते ‘-ई’ देऊन वगळा. आणि मुळात हा तुमच्या मशीनपुरता झाडू आहे. पॅकेज दुसऱ्याच्या हातात गेल्यावर त्याच्याकडे गिट असेलच असं नाही.

उलट्या बाजूनंही चूक होते, साफसफाई जास्त होण्याची. डीएच_क्लीन स्वतःहून ‘*.बीएके’, ‘*.ओरिग’, ‘*.रेज’ आणि शेवटी टिल्डा असलेल्या फाइली उडवतं. एका पॅकेजच्या चाचण्या दर वेळी पडायच्या, कारण चाचणीच्या नमुन्यांतल्या एका फाइलीचं नावच ‘.ओरिग’नं संपत होतं. डीएच_क्लीनला ‘-एक्स’ देऊन ती वाचवली.

परवानगी नाकारली तर

क्लीन ‘परमिशन डिनाइड’ म्हणून पडत असेल तर कुणीतरी एकदा सुडो लावून बिल्ड केलंय. आता रूटच्या मालकीच्या फाइली आत पडल्यात आणि तुमच्या क्लीनला त्या हलत नाहीत. यावर परत सुडो लावून क्लीन करणं म्हणजे तीच चूक दुसऱ्यांदा. सीएचओन करून मालकी परत घ्या, आणि बिल्डला सुडो लागतच नाही हे भिंतीवर लिहून ठेवा. पॅकेज करायला रूट असल्याचा आभास लागलाच, तर तो फेकरूट देतं. कंट्रोल फाइलमध्ये ‘रूल्स-रिक्वायर्स-रूट: नो’ लिहिता आलं तर तोही लागत नाही.

वीज गेल्यावर

हा भाग शहरातल्या मोठ्या कंपन्यांना लागू नसेल, आम्हाला आहे. एप्रिलमध्ये दुपारी वीज जाते, यूपीएसची बॅटरी दोन वर्षांची झालेली, बिल्ड मध्येच मरतं. वीज आल्यावर परत लावलं की लिंकर विचित्र काहीतरी बोलतो, फाइल ओळखता येत नाही म्हणतो. कारण मेक फक्त वेळ बघतो. १९७६ साली बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी तो लिहिला तेव्हापासून त्याचा हिशेब तोच: बनलेली फाइल मूळ फाइलीपेक्षा नवी आहे ना, मग झालं. कंट्रोल-सी दाबून थांबवलं तर तो अर्धवट फाइल जाता जाता उडवतो, पण वीज गेल्यावर त्यालाच संधी मिळत नाही. अर्धी, किंवा शून्य बाइटची ‘.ओ’ फाइल ताज्या वेळेसह उरते आणि मेक ती पूर्ण झालेली समजतो. ‘फाइंड’ला ‘-साइझ ०’ देऊन शोधा. पण खरं तर अशा वेळी बिल्ड फोल्डर पूर्ण उडवणंच शहाणपणाचं, कारण अर्ध्या भरलेल्या फाइली शून्यात सापडत नाहीत. आमच्या एका जुन्या मशीनची मदरबोर्डवरची बॅटरी संपलेली होती. वीज आली की घड्याळ काही वर्षं मागे. मग मेक ‘क्लॉक स्क्यू डिटेक्टेड’ म्हणत राहायचा आणि काय नवं, काय जुनं याचा पत्ताच नाही. छोटी गोल बॅटरी बदलली आणि प्रश्न मिटला.

डिस्क भरली म्हणून हात घालण्याआधी

पॅकेज क्रूटमध्ये, म्हणजे वेगळ्या बंदिस्त डेबियनमध्ये, बांधणारे पीबिल्डर किंवा एसबिल्ड वापरायला लागलं की हे सगळं सुटतं असं लोक समजतात. बिल्ड दर वेळी स्वच्छ क्रूटमध्ये होतं हे खरं, त्यामुळे तुमचं क्लीन वाईट आहे हे लपतं. पीबिल्डरला ‘--ट्वाइस’ द्या, म्हणजे तो त्याच जागी दोनदा बांधून बघतो. आम्ही प्रत्येक आवृत्तीच्या आधी एकदा ते करतो.

पण बिल्ड मध्येच तुटलं की पीबिल्डरचंही खरकटं राहतं. /वार/कॅश/पीबिल्डर/बिल्डमध्ये आकड्यांच्या नावांची फोल्डरं साठतात, प्रत्येकात एक अख्खी डेबियन. एका मार्चमध्ये आमची डिस्क याच कारणानं भरली. इथे मात्र हात आवरा. तुटलेल्या बिल्डच्या फोल्डरमध्ये प्रॉक, डेव्ह आणि तुम्ही बाइंड माउंट म्हणून (बाहेरचं फोल्डर आत जोडून) दिलेलं काहीही अजून जोडलेलं असू शकतं. बाइंड माउंटमध्ये तुमचं होम असेल आणि तुम्ही आरएम -आरएफ चालवलं, तर ते क्रूट आणि होम यांत फरक करणार नाही. आधी माउंटची यादी बघा, त्यात तो पत्ता दिसत असेल तर युमाउंट करा, मग उडवा, आणि उडवतानाही आरएमला ‘--वन-फाइल-सिस्टीम’ द्या. एसबिल्ड एसक्रूटवर (क्रूटची सत्रं सांभाळणाऱ्या साधनावर) चालत असेल तर फोल्डरला हातच लावू नका. ‘एसक्रूट -ई --ऑल-सेशन्स’ केलं की उरलेली सत्रं तो स्वतः नीट बंद करतो. फक्त त्या क्षणी दुसरं बिल्ड चालू नाही ना, ते बघा.

वरच्या फोल्डरमधल्या जुन्या डेब फाइलींना क्लीन हात लावत नाही, लावायचाही नसतो. पण ‘डीपीकेजी -आय ../*.डेब’ अशी सवय असेल तर एक दिवस भलतीच आवृत्ती चढते. डेवस्क्रिप्ट्स या साधनसंचातलं डेबआय चालू आवृत्तीचीच पॅकेजं बसवतं. जुनी काढायला ‘डीसीएमडी आरएम’ आणि पुढे चेंजेस फाइलचं नाव, म्हणजे त्या आवृत्तीच्या सगळ्या फाइली एकदम जातात.

पॅकहाउसच्या मुकादमाला मी हे सगळं नंतर कधीतरी समजावून सांगायचा प्रयत्न केला. त्यांच्याकडे एका शेतकऱ्याचा लॉट संपला की टेबलावरचे क्रेट हलतात, टेबल पुसलं जातं, मगच पुढच्या लॉटची चिठ्ठी लागते. आधीच्या बागेचा एक घड टेबलावर राहिला तरी तो ओरडतो, कारण पेटीवरचा नंबर थेट बागेपर्यंत पोचायला हवा. तो शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला, “म्हणजे तुमच्याकडे टेबल पुसतच नव्हते का?”

आता आमच्या रूल्समध्ये तो रिकामा ओव्हरराइड नाही. डेबियन/क्लीनमध्ये अकरा ओळी आहेत. पायथन व्हील लागलंच तर आम्ही ‘पायथन३ -एम बिल्ड’ वापरतो, काही न देता. ते आधी सोर्सचा गठ्ठा करून तो तात्पुरत्या जागी उलगडतं आणि व्हील तिथे बांधतं, त्यामुळे शेजारचं जुनं बिल्ड/लिब मध्ये येत नाही. ‘--व्हील’ दिलंत तर ते थेट तुमच्याच फोल्डरमध्ये बांधतं, तेव्हा सांभाळा. पायथनची पॅकेजं बसवणाऱ्या पिपचंही तसंच: २१.३ पासून ‘पिप इन्स्टॉल .’ तुमच्या फोल्डरमध्येच बिल्ड करतो आणि ‘बिल्ड’ मागे ठेवून जातो.

एक गोष्ट राहिली होती ती परवाच लागली. सोर्स दोन्ही याद्यांत तंतोतंत जुळत होता, तरी दुसऱ्या बिल्डला प्रिंटरची एक चाचणी पडायची. शेवटी कळलं, चाचणी टीएमपीमध्ये ठरलेल्या नावाची एक स्पूल फाइल ठेवून जात होती आणि पुढच्या वेळी तीच वाचत होती. सोर्सच्या बाहेरचं हे खरकटं कुठल्याच क्लीनला दिसत नाही. होममध्ये ठेवलेलं असतं तर डेबहेल्परनं सांभाळलं असतं, कॉम्पॅट १३ मध्ये तो बिल्डसाठी होम डेबियन फोल्डरच्या आतलंच देतो. टीएमपीचं तसं नाही. चाचणीत ठरलेलं नाव काढून टेम्पफाइलनं दर वेळी नवं फोल्डर करायला लावलं आणि काल रात्री त्या पॅकेजचं ‘--ट्वाइस’ पहिल्यांदा शेवटपर्यंत गेलं.